बिशप माडसेनची पाचवी बायको

आमच्या हीलमन गावात माणसानं मरण्याआधी आपलं चरित्र लिहून ठेवावं अशी रीत आहे. मेल्यावर दुसऱ्यांनी लिहिलं तरी चालतं, पण मग माणूस इतका गुणी निघतो की घरच्यांनाही तो ओळखू येत नाही. आम्ही मॉर्मन लोक नोंदींवर जगतो. कोण कुठल्या बोटीनं आला, कुणी किती मैल हातगाडी ओढली, कुणाचा बाप्तिस्मा ओढ्यावरचा बर्फ फोडून झाला, सगळं वहीत उतरलेलं असतं. खरं-खोटं नंतर बघता येतं. आधी शाई वाळली पाहिजे.

१९२६ च्या मे महिन्यात माझ्या आजीचं, डोर्थे माडसेनचं, चरित्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यासाठी अमेलियाआत्या मुद्दाम शाळेत आली. मी चौथीच्या वह्या तपासत बसले होते.

"थोरा, तुझं अक्षर वळणदार आहे," ती म्हणाली, "आणि तुला कुठे नवऱ्याचं जेवणखाण बघायचंय!"

चौतिसाव्या वर्षी बिनलग्नाची मास्तरीण म्हणजे गावाच्या मालकीचा बैल. कुणीही यावं आणि जुंपावं.

"चोवीस जुलैच्या सभेत वाचायचंय," आत्या पुढे म्हणाली. "सॉल्ट लेकच्या मुख्यालयातून एल्डर हॅझलडीन येणार आहेत. तेव्हा जरा वर उचलून लिही."

"वर म्हणजे किती वर?"

"मी काय म्हणते ते तुला बरोबर कळतंय. उगाच फाटे फोडू नकोस."

अमेलियाआत्या माझ्या वडिलांची सावत्र बहीण, थोरल्या घरची. माझे आजोबा लॉरिट्स माडसेन गावचे बिशप होते, म्हणजे आमच्या पद्धतीनं चर्चचे बिनपगारी, संसारी प्रमुख. त्यांना चार बायका होत्या आणि चौघींची घरं एकाच रस्त्यावर ओळीनं आहेत. थोरलीचं घर भाजलेल्या विटांचं, दोन मजली. दुसरीचं दगडी. तिसरीचं, म्हणजे माझ्या आजीचं, कच्च्या मातीच्या विटांचं. चौथीचं लाकडी फळ्यांचं, आणि त्यालाही एका बाजूनं टेकू. आजोबांचा उत्साह कसकसा उतरत गेला ते त्या रस्त्यानं नुसतं चालत गेलं तरी समजतं. आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झाली. बाकीच्या तिघीही गेल्या. उरली आजी, एकोणऐंशी वर्षांची, एका कानानं थोडी कमी ऐकणारी आणि हव्या त्या वेळी दोन्ही कानांनी न ऐकणारी.

चोवीस जुलै म्हणजे आमचे पहिले लोक या मुलखात पोचले तो सण. त्या वर्षी त्या दिवशी आजोबांच्या नावाची पितळी पाटी उघडायची होती. पाटीवर लिहिलं होतं, 'बिशप लॉरिट्स माडसेन व त्यांची पत्नी कारेन'. कारेन म्हणजे थोरली. पत्नी, एकवचनी. आमच्या चर्चनं जास्त बायका करणं बंद करून छत्तीस वर्षं झाली होती आणि आता आम्हाला सभ्य दिसायचं होतं. पाटीचा नमुना बघून आजी म्हणाली होती, "बरं झालं. पितळ महाग आहे."

तरीही आजीशिवाय त्या दिवसाचं पान हलणार नव्हतं. सत्तर वर्षांपूर्वी तांड्याबरोबर हातगाडी ओढत मैदानं ओलांडून इथे आलेल्यांपैकी गावातली ती एकटीच जिवंत बाई. मिरवणुकीत सजवलेल्या गाड्यावर, मधोमध, हातगाडीशेजारी तिला बसवायचं ठरलं होतं.

मी वही घेऊन आजीकडे गेले. आत्या पाठोपाठ आलीच. चुलीवर कॉफीचं भांडं होतं. आजी त्याला 'बार्लीचा काढा' म्हणते, कारण कॉफी आम्हाला वर्ज्य आहे, आणि डॅनिश म्हातारीला वर्ज्य काही नाही.

"लिही," आत्या मला सांगायला लागली, "नऊ वर्षांची चिमुरडी डोर्थे स्तोत्रं गात गात तेराशे मैल चालली."

"कुठली स्तोत्रं!" आजी म्हणाली. "नाक गळत होतं नुसतं. आणि चाललेही नाही सगळं. मदतीच्या गाड्या आल्यावर शेवटचे दीड-दोनशे मैल मी पिठाच्या पोत्यावर बसून आले. पोतं छान मऊ होतं."

"डोर्थेमावशी, पिठाचं पोतं नको."

"मग मी बसले कशावर? देवदूताच्या मांडीवर?"

आत्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतःच लिहिलं: 'श्रद्धेच्या बळावर'.

"आता तुमची बहीण," आत्या म्हणाली. "आने. ओठांवर स्तोत्र असतानाच तिनं प्राण सोडला."

"ओठांवर शिवी होती," आजी म्हणाली. "तांड्याच्या कॅप्टनला दिलेली. चांगली जुनी, बापजाद्यांची शिवी होती. आता डॅनिश येणारं कुणी उरलं नाही, नाहीतर ऐकवली असती."

आत्या तणतणत निघून गेली. मग आजीनं मला आनेबद्दल सांगितलं. इतकी वर्षं मी तिच्या हाताखाली वाढले, पण हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

आने सोळा वर्षांची. जीभ तिखट, केस लाल, आणि आईचं एक ऐकायची नाही. वडिलांच्या जोडीनं गाडीचा दांडा तीच ओढायची आणि ओढताना सगळ्या जगाला नावं ठेवायची. प्लॅट नदीच्या काठी तांड्यातल्या एका पन्नाशीच्या भल्या गृहस्थानं तिला मागणी घातली. त्याची एक बायको गाडी ढकलत होती, आणखी एक मिळाली तर ओझं विभागलं असतं. "आनेनं त्याला सगळ्यांच्या देखत सांगितलं," आजी म्हणाली, "की काका, मी त्यापेक्षा सामानाच्या गाडीच्या त्या बैलाशी लग्न करीन. तो निदान स्वतःचं ओझं स्वतः ओढतो." हे सांगताना आजी इतकी हसली की तिला खोकला आला.

मग ऑक्टोबरचं बर्फ पडलं. एका सकाळी आजी उठली तेव्हा शेजारी आने गार पडलेली होती. केस तंबूच्या कापडाला गोठून चिकटलेले. आईनं ते कात्रीनं कापून तिला सोडवलं. जमीन खणता येईना, म्हणून इतर अकराजणांबरोबर तिला बर्फात ठेवलं आणि तांडा पुढे निघाला.

"तिच्या केसांचा तो गुच्छ कापडालाच राहिला," आजी म्हणाली. "त्याच तंबूत आम्ही पुढचे नऊ दिवस झोपलो."

मी ते सगळं लिहून घेतलं. ते सभेत वाचलं जाणार नाही हे मला ठाऊक होतं, पण लिहून घेतलं.

चरित्राबरोबर एक छापील तक्ता भरायचा असतो. नवरा, मुलं, आणि चर्चच्या मंदिरात कुणाची कुणाशी कायमची गाठ बांधली गेली त्याचा तपशील. आमच्यात लग्न मरणापाशी संपत नाही. मंदिरात गाठ बांधली की ती पुढच्या अनंतकाळाची. मेलेल्यांचीही बांधता येते. त्यांच्या वतीनं कुणीतरी जिवंत माणूस उभं राहतं. मी टेकडीवरच्या मंदिराच्या नोंदणी-कचेरीला पत्र लिहून आजोबांच्या नावावरची यादी मागवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. यादीत बायका पाच होत्या.

पहिल्या चार आमच्याच रस्त्यावरच्या. पाचवी: 'आने सोफी स्कोव, मृत, जन्म डेन्मार्क १८४०. विवाहविधी १८८९. मृतेच्या वतीनं उपस्थित: कारेन माडसेन.'

मी तो कागद चार वेळा वाचला. पाटीवर एक बायको, रस्त्यावर चार, आणि वर स्वर्गात पाच. आमच्या आजोबांचा हिशेब कुणाला कधी लागायचाच नाही.

१८८९ साली ते काय करत होते ते मात्र सगळ्यांना माहीत होतं. सरकारचे मार्शल जास्त बायकावाल्यांना पकडत फिरत होते आणि आजोबा चार घरांच्या चार तळघरांत आलटून पालटून लपत होते. तेव्हा आणखी एक जिवंत बायको केली असती तर थेट तुरुंग. मेलेल्या बायकोला कोण मार्शल पकडणार? आणि जितक्या बायका तितकं वरचं वैभव मोठं, अशी त्यांची समजूत. मैदानात गोठून मेलेली एक लाल केसांची मुलगी त्यांना हाताशी सापडली. मेहुणीच ती, घरचीच. त्यांनी नुसतं नाव लिहून दिलं आणि थोरलीला तिच्या जागी उभं केलं. आजीला कुणी सांगितलंसुद्धा नाही. ती तेव्हा त्या मातीच्या घरात माझ्या धाकट्या काकांना पाजत होती.

आजीपासून लपवावं असं मला क्षणभर वाटलं. मग वाटलं, लपवायला एक थोरलं घर पुरे आहे.

मी वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "परत वाच."

परत वाचलं. तिनं कप खाली ठेवला.

"आनेनं त्याला पाहिलंही नव्हतं," ती म्हणाली. "ती मेली तेव्हा लॉरिट्स हा माणूस आहे हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. जिवंत असती तर तोंडावर नाही म्हणाली असती. म्हणून ती मेल्यावर तेहतीस वर्षांनी विचारलं. मेलेलं माणूस नाही म्हणत नाही."

मग ती रडायला लागली. माझ्या आजोबांच्या दफनाला जी बाई हातमोजे नीट करत उभी होती, ती लहान पोरीसारखी माझ्या मांडीत तोंड घालून रडली.

"थोरा, मी आता किती दिवसांची? वर्षाची, दोन वर्षांची. वर गेले की ती दारातच उभी असेल. कमरेवर हात ठेवून. म्हणेल, डोर्थे, हा तुझा दाढीवाला माझ्या गळ्यात कुणी बांधला? मी काय सांगू तिला? मला माहीत नव्हतं म्हणू?"

ती नोंद रद्द करून आनेला तिच्या आईवडिलांची लेक म्हणून नोंदवायचं, एवढंच आजीला हवं होतं. तसा अर्ज सॉल्ट लेकला करता येतो. पण बिशपच्या सहीशिवाय तो पुढे सरकत नाही. आणि गावचा बिशप म्हणजे माझा चुलत भाऊ नीफाय, थोरल्या घरचा नातू, मेंढ्यांचा व्यापारी. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं आणि ते नेहमी 'पुढे बघू' असतं.

नीफाय आणि अमेलियाआत्या दोघंही आजीच्या स्वयंपाकघरात आले. भांड्यातल्या वासापासून दोघांनी शिष्टाचार म्हणून नाक वळवलं.

"डोर्थेमावशी, तुम्ही याला पाप कसं म्हणता?" आत्या म्हणाली. "बाबांनी उपकार केले तिच्यावर. बिनलग्नाची बाई वर सगळ्यात उंच जागी कधीच पोचत नाही." हे बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं. "आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं, की आज एका पोरीचं कल्याण केलं."

"तुला माहीत होतं?" आजीनं विचारलं.

"घरात सगळ्यांना माहीत होतं."

"घरात म्हणजे विटांच्या घरात," आजी म्हणाली.

नीफायनं घसा खाकरला. "आजी, असल्या गोष्टी वर गेल्यावर आपोआप सुरळीत होतात."

"वर कोण सुरळीत करणार? लॉरिट्स? त्याला स्वतःचे मोजे सापडत नव्हते."

"पण आत्ताच कशाला? एल्डर हॅझलडीन येताहेत. त्यांच्या कानावर चार-पाच बायकांचा विषय नको. चांगलं दिसत नाही."

एल्डर हॅझलडीन स्वतः त्यांच्या वडिलांच्या सहाव्या बायकोचे चिरंजीव आहेत. हे सगळ्या प्रांताला माहीत आहे आणि सगळा प्रांत ते विसरून दाखवतो.

"म्हणजे सही करणार नाहीस?"

"पुढे बघू."

"बरं," आजी म्हणाली. "मग मीही त्या गाड्यावर बसायचं पुढे बघते."

गावात हाहाकार उडाला. मिरवणूक तीन आठवड्यांवर आलेली, आणि हातगाडीशेजारी बसायला म्हातारीच नाही! शेजारच्या गावात इव्हर नावाचा एक म्हातारा होता. तो हातगाडीत जन्मलो असं सांगतो, पण त्याची आई आगगाडीनं आली हे तिकिटासकट सगळ्यांना माहीत आहे. आत्या त्यालाही विचारून आली. तो म्हणाला, त्या दिवशी मी आमच्याच गावच्या गाड्यावर जन्मणार आहे.

नीफाय तीनदा आला. पहिल्यांदा बायबल घेऊन, दुसऱ्यांदा कोकराची तंगडी घेऊन, तिसऱ्यांदा नुसताच घाम घेऊन. तंगडी आजीनं ठेवून घेतली.

तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "बसते. पण शेवटी मला दोन शब्द बोलू दे."

"कसले दोन शब्द?" नीफाय दचकला.

"साक्ष देईन रे. माझा विश्वास आहे, वगैरे. म्हातारीनं शेवटी साक्ष द्यायची असतेच ना?"

ते खरं होतं. साक्षीशिवाय आमच्याकडे लग्नाचा केकसुद्धा कापला जात नाही. आत्यानं तिला चौदा ओळींची साक्ष लिहून दिली, मोठ्या अक्षरात, आणि माझ्याकडून पाठ करून घ्यायला सांगितली. आजीनं ती मुकाट्यानं पाठ केली. मला तिचा राग आला. वाटलं, दमली बिचारी, शेवटी थोरल्या घरापुढे नमली. तसं तिला बोलूनही दाखवलं.

"तू आपलं अक्षर सांभाळ," एवढंच ती म्हणाली.

चोवीस जुलैला असं ऊन पडलं की झेंडेसुद्धा लोंबत होते. मिरवणूक निघाली. गाड्यावरची हातगाडी म्हणजे गावातल्या पीटरची दुधाची ढकलगाडी, तिला वरून पोतं गुंडाळलेलं. आने म्हणून उभी केली होती डेअरीवाल्याची मुलगी. तिनं केस नव्या फॅशनप्रमाणे कानापर्यंत कापले होते आणि बर्फ म्हणून अंगावर कापूस चिकटवला होता. घामानं तो निथळत होता. ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून चार वेळा मेली. प्रत्येक चौकात टाळ्या पडल्या. आजी समोर बघत बसली होती.

मग फांद्यांच्या मांडवात सभा. सातशे माणूस, पंख्यांची फडफड, रडणारी बाळं. पाटीवरचा पडदा ओढला. मी चरित्र वाचलं, आत्यानं दुरुस्त केलेलं. ते ऐकताना मला आजीऐवजी एखाद्या धार्मिक पुतळ्याचं वाचतेय असं वाटत होतं. एल्डर हॅझलडीन पाऊण तास बोलले. दोन वाजले तेव्हा निम्मा मांडव डुलक्या घेत होता आणि उरलेला डुलक्यांशी झुंजत होता.

त्यानंतर नेहमीसारखी अनुमोदनं झाली. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट सभेपुढे ठेवतात. 'जे अनुकूल असतील त्यांनी उजवा हात वर करावा. कुणी विरोधात असल्यास त्यांनीही तसाच.' हात वर जातात, खाली येतात, पुढचा विषय. मूल मांडीवर असतं तेव्हा आई त्याचाही हात धरून वर करते. विरोधात वर गेलेला हात मी जन्मात एकच पाहिलाय, आणि तो माणूस पुढच्या वर्षी नेवाडात राहायला गेला. त्या दुपारी बँडचे आभार, गायकवृंदाचा नवा प्रमुख, स्मशानाचं कुंपण, बिशप नीफायना पाठिंबा, एल्डर हॅझलडीनना पाठिंबा, असे एकामागून एक हात वर गेले. कारकून अँटोन मान खाली घालून वहीत उतरवत होता: सर्वानुमते, सर्वानुमते.

शेवटी आजी उठली. मी तिला धरून व्यासपीठाच्या पुढे नेलं. तिनं आत्याची साक्ष म्हणायला सुरुवात केली. पाठ होती, पण ती इतकी सावकाश, इतक्या एका सुरात म्हणत होती की पुढच्या रांगेतल्यांच्या माना छातीवर टेकल्या. नीफायचे डोळे मिटले. एल्डर हॅझलडीन यांचे उघडे होते, पण आत कुणी नव्हतं. चौदाव्या ओळीनंतर ती थांबली नाही. सूरही बदलला नाही.

"तसंच सभेपुढे असं मांडण्यात येत आहे, की छप्पन्न साली मैदानात वारलेली आने सोफी स्कोव, वय सोळा, ही बिशप लॉरिट्स माडसेन यांची पाचवी पत्नी म्हणून नोंदली गेली आहे. ती नोंद रद्द व्हावी आणि आने ही आपल्या आईवडिलांची मुलगी म्हणूनच राहावी. जे अनुकूल असतील त्यांनी उजवा हात वर करावा."

सातशे हात वर गेले.

मी डोळ्यांनी पाहिलं. पंखे धरलेले हात, बाळांचे हात, कापूस चिकटलेल्या आनेचा हात. अमेलियाआत्याचा, हातरुमालासकट. बिशप नीफायचा, डोळे मिटलेले असतानाच. एल्डर हॅझलडीन यांचा तर सगळ्यात आधी. वरिष्ठांनी आदर्श घालून द्यायचा असतो. ऐकून आणि समजून वर केलेला हात बहुधा माझा एकटीचाच होता.

"कुणी विरोधात असल्यास त्यांनीही तसाच," आजी म्हणाली.

ती थांबली. जरुरीपेक्षा बरंच थांबली. मग मान वळवून तिनं नव्या पितळी पाटीकडे पाहिलं. "लॉरिट्स? तुझं काही?"

पाटी गप्प होती.

"सर्वानुमते," आजी म्हणाली आणि खाली बसली.

अँटोननं मान वर न करता तेच लिहिलं. मग त्याचा हात थबकला. आपण काय लिहिलं ते त्यानं परत वाचलं. त्याच वेळी मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, कुणीतरी "काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?" असं विचारायला लागलं, आणि नीफायला जाग आली. त्याचा हात अजून वरच होता.

शेवटची प्रार्थना त्यानं कशीबशी उरकली आणि तो थेट अँटोनवर धावला.

"ते खोड."

"बिशप, वहीत खाडाखोड चालत नाही. तुम्हीच मला शिकवलंत."

"चुकून झालं ते! कुणी ऐकलंच नव्हतं!"

"मी असं लिहू का?" अँटोननं अगदी सरळपणे विचारलं. "की सभेनं न ऐकताच हात वर केले? मग वरचंही तसंच लिहावं लागेल. कुंपणाचं. आणि तुम्हाला पाठिंबा दिला, त्याचंही."

नीफाय एल्डर हॅझलडीनकडे वळला. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. सॉल्ट लेकहून आलेला मोठा माणूस म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. मी झोपलो होतो असं म्हणावं, तर मग आणखी किती सभांत झोपले होते हा प्रश्न येतो. त्यांनी कोटाची बटणं लावली.

"मी ठराव नीट ऐकला," ते म्हणाले. "पूर्ण विचार करूनच मी हात वर केला. सिस्टर माडसेन, अर्ज आणि वहीची नक्कल माझ्याकडे द्या. मी स्वतः घेऊन जातो."

"मीही विचार करूनच केला," अमेलियाआत्या लगेच म्हणाली. त्यानंतर मांडवात झोपलेला एक माणूस सापडेना. नीफायनं तिथेच, लिंबू सरबताच्या टेबलावर, अर्जावर सही केली.

उत्तर ऑक्टोबरात आलं. तीन ओळींचं, शिक्का मारलेलं. नोंद रद्द. मंदिरात आनेच्या वतीनं आजीच उभी राहिली; आईवडिलांच्या वतीनं अँटोन आणि त्याची बायको. मी बाहेर दगडी कठड्यावर बसून होते. माझ्यासारख्या बिनलग्नाच्या बाईला आत कुणी बोलावत नाही, आणि मलाही बाहेरची हवा आवडते.

दोन तासांनी आजी बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण मान ताठ होती.

"झाली," ती म्हणाली. "स्कोवांची पोर स्कोवांकडे गेली."

मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं की माझी जीभ सैल सुटते. मी म्हणाले, "आजी, आता तुझाही अर्ज लिहिते. लोखंड तापलेलं आहे. एल्डर हॅझलडीन सध्या कशालाही नाही म्हणणार नाहीत. मातीच्या घरात तू सदतीस वर्षं काढलीस, आता वरही तोच माणूस कशाला?"

आजी पायरीवर थांबली.

"नको," ती म्हणाली. "मी सतरा वर्षांची होते. अक्कल नव्हती, त्याची दाढी बरी वाटली. पुढे पस्तावले, रोज पस्तावले. पण त्यानं मला समोर उभं करून विचारलं होतं, थोरा, आणि मी माझ्या तोंडानं हो म्हटलं होतं. चूक असली तरी ती माझी आहे. आनेला कुणी विचारलं होतं?"

तिनं माझा दंड धरला, आणि आम्ही एकेक पायरी बघत खाली उतरलो.